व्हिवियाने मिडेमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिवियाने मिडेमा म्हणजे नक्की कोण?

नेदरलँड्सची आघाडीची फुटबॉलपटू. जन्म १५ जुलै १९९६. राष्ट्रीय संघासाठी शंभर गोल करणारी ती पहिली डच खेळाडू, आणि यात पुरुषही आले. हेरेनव्हेन, बायर्न म्युनिक, आर्सेनल आणि मँचेस्टर सिटी असा तिचा क्लबांचा प्रवास. चाहते आणि सहकारी तिला नुसतं ‘व्हिव’ म्हणतात.

तिच्याबद्दल बोलताना लोक सुरुवात आकड्यांनी करतात आणि बहुतेकदा तिथेच थांबतात. आकडे खरेच आहेत, पुढे तेही येतीलच. पण मिडेमा गोलांच्या यादीत जेवढी दिसते तेवढीच असती, तर तिच्यावर एवढं लिहायची गरज नव्हती. ती खेळते कशी, हे समजून घेण्यासारखं आहे.

ती कुठली? फुटबॉल कुठे शिकली?

नेदरलँड्सच्या ईशान्येला ड्रेन्थे नावाचा प्रांत आहे. अ‍ॅमस्टरडॅम-रॉटरडॅमच्या गजबजाटापासून लांब, शेतीचा, शांत. तिथलं हूगेव्हेन हे तिचं गाव. लहानपणी ती गावातल्या क्लबांत मुलांबरोबरच खेळली. घरात फुटबॉलचं वेड होतं आणि ती स्वतः रॉटरडॅमच्या फेयेनूर्ड क्लबची चाहती.

मुलांबरोबर खेळणं ही तिथे जगावेगळी गोष्ट नाही. डच फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार मुलीला वयोगटाच्या स्पर्धांत मुलांच्या संघातून खेळता येतं, आणि चांगली खेळणाऱ्या मुलीला प्रशिक्षक मुद्दाम तिथेच ठेवतात. तिच्या पिढीतल्या बऱ्याच डच खेळाडूंच्या घडणीत हा भाग समान आहे. अंगाने मोठ्या आणि वेगवान मुलांसमोर ताकदीने निभाव लागत नाही. चेंडू पायाशी येण्याआधीच पुढचं ठरवलेलं असावं लागतं. मिडेमाच्या खेळात पुढे जे दिसतं त्याचं मूळ मला इथे वाटतं.

इतक्या लहान वयात ती वरिष्ठ संघात कशी आली?

चौदाव्या वर्षी ती शेजारच्या फ्रिसलँड प्रांतातल्या एससी हेरेनव्हेन या क्लबात गेली आणि २०११ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, महिलांच्या वरिष्ठ संघातून खेळू लागली. ज्या वयात शाळेतल्या स्पर्धा खेळायच्या, त्या वयात समोर पंचविशी-तिशीतल्या बचावपटू.

२०१२ ते २०१५ या काळात नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी मिळून ‘बेने लीग’ नावाची एकत्र स्पर्धा चालवली होती. २०१३-१४ च्या हंगामात त्या लीगमध्ये सर्वाधिक गोल मिडेमाचे होते, आणि तिच्या गोलांची संख्या तिने खेळलेल्या सामन्यांपेक्षा बरीच जास्त होती. हेरेनव्हेन काही त्या लीगमधला बलाढ्य संघ नव्हता. मधल्या फळीकडून आयते पास मिळतायत आणि ही नुसती जाळ्यात ढकलतेय, अशी परिस्थिती नव्हती. त्यामुळे त्या हंगामाचं मोल मला जास्त वाटतं.

नेदरलँड्स महिला फुटबॉलमध्ये पहिल्यापासूनच बलाढ्य होतं का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. क्रायुफ, व्हॅन बास्टन या पुरुष फुटबॉलमधल्या दिग्गजांच्या देशात महिला फुटबॉलही तसंच मुरलेलं असणार, असं लोक धरून चालतात.

फिफाने अधिकृत मानलेला महिलांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १७ एप्रिल १९७१ रोजी फ्रान्समधल्या आझब्रूक गावात झाला. फ्रान्स विरुद्ध नेदरलँड्स. डच संघ ०-४ ने हरला. त्या आधी अनेक वर्षं डच संघटना महिलांच्या फुटबॉलला आपल्या छत्राखाली घ्यायलाच तयार नव्हती. पुढची जवळजवळ चार दशकं हा संघ कुठल्याही मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला नाही. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली २००७ मध्ये. पहिली युरो, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा, २००९ मध्ये, फिनलंडला, आणि तिथे एकदम उपांत्य फेरी. पहिला विश्वचषक २०१५ मध्ये.

म्हणजे मिडेमा शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या देशात मुलींसाठी धड लीगही नव्हती. ती वयात येत गेली आणि तिच्याबरोबर सगळी रचना उभी राहत गेली.

राष्ट्रीय संघात ती कधी आली?

सप्टेंबर २०१३ मध्ये, सतरा वर्षांची असताना. पुढच्याच महिन्यात पोर्तुगालविरुद्ध ती बदली खेळाडू म्हणून उतरली आणि हॅट्ट्रिक करून बाहेर आली.

२०१४ चं वर्ष तिच्या कारकिर्दीत फारसं बोललं जात नाही, पण मला ते निर्णायक वाटतं. उन्हाळ्यात नॉर्वेमध्ये झालेली १९ वर्षांखालील युरो स्पर्धा नेदरलँड्सने जिंकली. अंतिम सामन्यात स्पेनविरुद्धचा एकमेव गोल मिडेमाचा, स्पर्धेत सर्वाधिक गोलही तिचेच. त्यानंतर वरिष्ठ संघाची विश्वचषक पात्रता. शेवटची जागा मिळवण्यासाठी नोव्हेंबरमध्ये इटलीशी दोन सामन्यांचा प्लेऑफ होता. पहिला १-१ सुटला, दुसरा इटलीत जाऊन २-१ जिंकला. तिन्ही डच गोल अठरा वर्षांच्या मिडेमाचे. त्या पात्रता फेरीत युरोपात सर्वाधिक, १६ गोल तिने केले होते.

कॅनडातल्या प्रत्यक्ष विश्वचषकात मात्र तिला एकही गोल करता आला नाही. जपानकडून १-२ हरून संघ अंतिम सोळांतून बाहेर पडला. अठराव्या वर्षी संपूर्ण देशाच्या अपेक्षा घेऊन जाणं किती अवघड असतं ते त्या स्पर्धेत दिसलं.

ती जर्मनीला का गेली?

२०१४ मध्ये जर्मन बुंडेसलीगा ही युरोपातली सर्वांत कसदार महिला लीग होती. बायर्न म्युनिकने तिला घेतलं आणि पहिल्याच हंगामात, २०१४-१५ मध्ये, एकही सामना न हरता विजेतेपद मिळवलं. बायर्नच्या महिलांचं ते १९७६ नंतरचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. पुढच्या वर्षी पुन्हा. २०१६-१७ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, सर्वाधिक गोल करणाऱ्या दोघींपैकी ती एक होती.

२०१७ च्या युरो स्पर्धेबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण त्या तीन आठवड्यांत एका देशाचं महिला फुटबॉलशी असलेलं नातं बदललं. यजमान नेदरलँड्स, प्रशिक्षक सरिना विगमन, ज्यांनी स्पर्धेला काही महिने उरले असताना संघाची सूत्रं हाती घेतली होती. संघाकडून फार कोणाची अपेक्षा नव्हती.

साखळीतले तिन्ही सामने जिंकले, पण तेव्हा मिडेमाचा गोल नव्हता आणि वर्तमानपत्रांत कुजबुज सुरू झाली होती. मग बाद फेरी आली. उपांत्यपूर्व सामन्यात स्वीडनविरुद्ध गोल. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध पहिला गोल तिचा, सामना ३-० ने जिंकला. अंतिम सामना ६ ऑगस्टला एन्स्खेडे इथे, डेन्मार्कशी. सहाव्या मिनिटाला डेन्मार्कने पेनल्टीवर आघाडी घेतली. चारच मिनिटांत मिडेमाने बरोबरी केली. नंतर लिके मार्टेन्स आणि शेरिडा स्पिट्से यांचे गोल, मधे पेर्निले हार्डरचा डेन्मार्ककडून एक, आणि ८९ व्या मिनिटाला पुन्हा मिडेमा. ४-२.

त्या संघाची आक्रमक फळी आठवते का? डावीकडे मार्टेन्स, उजवीकडे शानिस व्हॅन दे सांडेन, मधे मिडेमा. एकीकडे नजाकत, दुसरीकडे वेग, आणि मधली दोघींकडे बचावपटू खेचले जातात त्याची वाट पाहत उभी. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू मार्टेन्स ठरली आणि ते योग्यच होतं. पण बाद फेरीच्या प्रत्येक सामन्यात गोल करणारी एकटी मिडेमा होती.

आर्सेनलमध्ये तिने काय केलं?

मे २०१७ मध्ये ती लंडनला आली आणि सात वर्षं राहिली. १७२ सामने, १२५ गोल. २०१८ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीविरुद्धचा एकमेव गोल तिचा. २०१८-१९ मध्ये आर्सेनलने सात वर्षांनी विमेन्स सुपर लीग ही इंग्लंडमधली सर्वोच्च महिला लीग जिंकली. त्या हंगामात मिडेमाने २२ गोल केले. तेव्हा लीगमध्ये अकरा संघ होते, म्हणजे प्रत्येकी फक्त २० सामने. पुढे २०२२-२३ मध्ये रॅचेल डेलीने या आकड्याची बरोबरी केली, मात्र तेव्हा हंगाम २२ सामन्यांचा झाला होता. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी स्वतः मत देऊन तिला वर्षातली सर्वोत्तम खेळाडू निवडलं.

१ डिसेंबर २०१९. बोरहॅमवुडचं छोटं मैदान, समोर ब्रिस्टल सिटी. आर्सेनल ११, ब्रिस्टल १. अकरापैकी सहा गोल मिडेमाचे, आणखी चार गोलांचे शेवटचे पास तिचे. शेवटची वीसेक मिनिटं तर ती मैदानावर नव्हतीच, प्रशिक्षकांनी तिला बाहेर बोलावून घेतलं होतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये टॉटनहॅमविरुद्ध हॅट्ट्रिक करून ती विमेन्स सुपर लीगच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारी खेळाडू झाली. तिने निकिता पॅरिसचा विक्रम मोडला, आणि तोवर लीगमधल्या तिच्या सामन्यांपेक्षा गोल जास्त होते.

ती म्हणजे फक्त गोल करणारी खेळाडू, हे खरं का?

हाच प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे.

मिडेमा वेगवान नाही. बचावपटूला मागे टाकून चाळीस मीटर पळत जाणं हा तिचा खेळच नाही. ती उंच आहे, तरी हवेतल्या चेंडूंवर अवलंबून राहणारीही नाही. मग एवढे गोल येतात कुठून? उत्तर तिच्या पायांत नाही, मानेत आहे. पुढच्या वेळी सामना बघताना चेंडूकडे न बघता दहा मिनिटं फक्त तिच्याकडे बघा. चेंडू दुसऱ्या टोकाला असतानाही तिची मान सतत वळत असते. डावा खांदा, उजवा खांदा, पुन्हा डावा. बचावपटू कुठे आहे, तिच्या मागे किती जागा आहे, आपली मधल्या फळीतली खेळाडू कोणत्या पायाने पास देणार आहे. चेंडू येतो तेव्हा तिला विचार करायचा उरलेला नसतो.

दुसरी गोष्ट तिचा फटका. ती क्वचितच जीव खाऊन मारते. कॅरममध्ये मुरलेला गडी स्ट्रायकर जोरात न मारता बरोबर कोनात सोडतो, तसा तिचा चेंडू निघतो. पाय मागे नेण्याची तयारीही फारशी दिसत नाही, त्यामुळे गोलरक्षकाला अंदाज यायला उशीर होतो. चेंडू बहुतेकदा जमिनीलगत, दूरच्या खांबाच्या आत. दोन्ही पायांनी. डाव्या पायाने केलेले तिचे गोल वेगळे काढून दाखवले तर अनोळखी माणूस तिला डावखुरी समजेल.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. ती खाली येते. बचावपटूंच्या ओळीतून निघून मधल्या फळीत येऊन चेंडू घेते. आता तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या बचावपटूसमोर पेच उभा राहतो. तिच्यामागे जावं तर मागे मोठी पोकळी. जागेवर थांबावं तर मिडेमा मोकळी, वळून पास द्यायला सिद्ध. आर्सेनलमध्ये त्या पोकळीत बेथ मीड, जॉर्डन नॉब्स, डॅनिएल व्हॅन दे डोंक शिरत. कोणी किती गोलांत वाटा उचलला हे मोजलं तर म्हणूनच मिडेमाचा आकडा आणखी मोठा होतो. गोल आणि गोलसाहाय्य (गोलाआधीचा शेवटचा पास) मिळून शंभरी गाठणारी ती विमेन्स सुपर लीगमधली पहिली खेळाडू ठरली.

२०२१ मध्ये योनास आयडेव्हाल आर्सेनलचे प्रशिक्षक झाले, जानेवारी २०२२ मध्ये स्टीना ब्लॅकस्टेनियस ही स्वीडनची आघाडीपटू आली, आणि मिडेमा हळूहळू दहा क्रमांकाच्या जागेवर, म्हणजे आघाडीच्या मागे खेळू लागली. तिचे गोल कमी झाले, तेव्हा ‘मिडेमा उतरणीला लागली’ असं बरंच लिहिलं गेलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. ते सामने बघताना जाणवायचं की संघाचं सगळं आक्रमण तिच्या पायातून वळण घेतंय. यादीत नाव येत नव्हतं, एवढंच.

गोल केल्यावर ती आनंद का साजरा करत नाही?

करते, पण थोडकाच. हात किंचित वर, एखादं हसू, पास देणारीकडे बोट. लोकांना हे कोरडं वाटतं. तिने अनेक मुलाखतींत सांगितलंय की गोल करणं हे तिचं काम आहे आणि त्यात उड्या मारण्यासारखं तिला काही वाटत नाही. दुसरीने गोल केला की मात्र ती धावत जाते. मला यात गर्व दिसत नाही, उलट एक स्वच्छपणा दिसतो. मैदानाबाहेर मात्र ती अजिबात गप्प राहणारी नाही, त्याबद्दल खाली.

२०१९ च्या विश्वचषकात काय घडलं?

फ्रान्समधल्या त्या स्पर्धेत १५ जूनला व्हॅलेन्सियेन्स इथे कॅमेरूनशी सामना होता. मिडेमाने दोन गोल केले आणि तिचे आंतरराष्ट्रीय गोल ६० झाले. मॅनन मेलिसचा ५९ चा डच विक्रम मोडला गेला. पुरुषांमध्ये तेव्हा रॉबिन व्हॅन पर्सीचा ५० गोलांचा विक्रम होता, तो तर ती आधीच मागे टाकून आली होती. वय २२.

उपांत्यपूर्व सामन्यात इटलीविरुद्ध कोंडी फोडणारा गोल तिचा. उपांत्य सामन्यात स्वीडनविरुद्ध जादा वेळेत जॅकी ख्रूनेनने गोल केला. दुसऱ्याच विश्वचषकात अंतिम फेरी! ७ जुलैला लियाँमध्ये अमेरिकेने २-० ने हरवलं. गोलरक्षक सारी व्हॅन वेनेंडालने तासभर किल्ला लढवला, पण त्या दिवशी अमेरिकेचा संघ सरस होता, मिडेमापर्यंत चेंडूच पोचत नव्हता.

टोकियो ऑलिंपिकमधला तिचा विक्रम काय?

चार सामन्यांत दहा गोल. एका ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉलपटूने केलेले हे सर्वाधिक. आधीचा विक्रम कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरचा, २०१२ मध्ये सहा गोलांचा.

झांबियाविरुद्ध चार (सामना १०-३), ब्राझीलविरुद्ध दोन (३-३), चीनविरुद्ध बदली म्हणून येऊन दोन (८-२), आणि उपांत्यपूर्व सामन्यात अमेरिकेविरुद्ध दोन. हा शेवटचा सामना योकोहामाला ३० जुलै २०२१ रोजी झाला आणि २-२ असा सुटला. त्यात निर्धारित वेळेत मार्टेन्सची पेनल्टी अमेरिकेची गोलरक्षक अलिसा नेयर हिने अडवली होती. शूटआउटमध्ये नेदरलँड्सची पहिली पेनल्टी घ्यायला मिडेमा आली. नेयरने तीही अडवली. अमेरिका ४-२.

दहा गोल करणाऱ्या खेळाडूचा प्रवास असा एका पेनल्टीवर संपणं मनाला लागतं. पण संघ अडचणीत असताना पहिली पेनल्टी स्वतःकडे घेणं, हे मला त्या दहा गोलांइतकंच मोलाचं वाटतं.

२०२२ च्या युरोमध्ये ती फारशी का दिसली नाही?

पहिल्या सामन्यानंतर कोरोनाची लागण झाली. साखळीतले पुढचे दोन सामने गेले. फ्रान्सविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात परतली, पण अंगात ताकद नव्हती हे दिसत होतं. जादा वेळेतल्या पेनल्टीवर फ्रान्स जिंकला. विगमन तोवर इंग्लंडच्या प्रशिक्षक झाल्या होत्या आणि त्या वर्षी तोच चषक त्यांनी इंग्लंडला जिंकून दिला.

तिच्या गुडघ्याची दुखापत एवढी गंभीर का होती?

१५ डिसेंबर २०२२. आर्सेनलचं एमिरेट्स स्टेडियम, चॅम्पियन्स लीगमध्ये लियाँविरुद्ध सामना. पहिल्या सत्राच्या शेवटी ती कोसळली. डाव्या गुडघ्यातला ‘एसीएल’ फाटला होता. हा मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा अस्थिबंध. धावताना एकदम थांबणं, दिशा बदलणं, उडी मारून एका पायावर उतरणं, या सगळ्यात गुडघा जागेवर ठेवण्याचं काम त्याचं. तो पूर्ण फाटला की खेळाडूंमध्ये सहसा शस्त्रक्रिया करून शरीरातल्याच दुसऱ्या स्नायुबंधाचा तुकडा तिथे बसवतात, आणि मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष लागतं.

त्याच्या महिनाभर आधी तिची आर्सेनलमधली सहकारी आणि जोडीदार बेथ मीड हिलाही हीच दुखापत झाली होती. २०२३ च्या एप्रिल-मे मध्ये लिया विल्यमसन आणि लॉरा व्हिएनरोइथर. एकाच क्लबातल्या चौघी, एका हंगामात. मिडेमाचा २०२३ चा विश्वचषक गेला. ती नसलेला डच संघ उपांत्यपूर्व फेरीत स्पेनकडून जादा वेळेत १-२ हरला.

महिला फुटबॉलपटूंना ही दुखापत पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात होते, हे बऱ्याच काळापासून माहीत आहे. कारणांवर वाद आहे. शरीररचना, मासिक पाळीतले बदल, पुरुषांच्या पायांवरून बेतलेले बूट, खराब मैदानं, व्यायामाच्या सोयी उशिरा मिळणं, आणि सामन्यांची गर्दी. मिडेमाने शेवटच्या मुद्द्यावर सातत्याने आवाज उठवला. दुखापतीच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तिने क्लबकडून विश्रांती मागून घेतली होती. ऑलिंपिक, युरो, लीग, पात्रता सामने, सलग उन्हाळ्यांत सुट्टीच नाही, आणि डोकं व शरीर दोन्ही थकलंय हे तिने उघडपणे सांगितलं. दुखापतीनंतर ती संशोधनाच्या अभावाबद्दल बोलत राहिली. हा प्रश्न पुरुषांच्या फुटबॉलमध्ये असता तर आजवर किती पैसा ओतला गेला असता, हा तिचा सवाल रास्त आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ती पुन्हा मैदानावर आली. मात्र गुडघ्याने पूर्ण साथ दिली नाही. पुढेही छोट्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, सलग दोन महिने खेळून झाले की काहीतरी निघायचं. नव्वद मिनिटं खेळणं ज्या खेळाडूने कधी मोजलं नव्हतं, तिला आता मिनिटं मोजून खेळवलं जाऊ लागलं.

तिने आर्सेनल का सोडलं?

मे २०२४ मध्ये क्लबने जाहीर केलं की करार संपल्यावर ती जाणार. दुखापतीनंतर तिला संघात नियमित जागा मिळत नव्हती. चाहत्यांना हे फार लागलं, आणि ते स्वाभाविक होतं. त्यांच्या एका पूर्ण पिढीने आर्सेनल म्हणजे मिडेमा असंच पाहिलं होतं. त्या उन्हाळ्यात ती मँचेस्टर सिटीकडे गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये सिटीकडून लीगमधला तिचा पहिला सामना नेमका एमिरेट्सवर, आर्सेनलविरुद्ध. सुरुवातीच्या मिनिटांतच तिने गोल केला. सामना २-२ सुटला.

शंभरावा गोल कधी झाला?

५ जुलै २०२५, स्वित्झर्लंडमधल्या लुझर्न इथे, युरो स्पर्धेत वेल्सविरुद्ध. पहिलं सत्र संपता संपता डीच्या कडेवरून वळवून मारलेला चेंडू जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात. नेदरलँड्सने सामना ३-० जिंकला. पुढे इंग्लंडकडून ०-४ आणि फ्रान्सकडून २-५ असा पराभव झाला आणि संघ साखळीतच गारद झाला, त्यामुळे त्या गोलाचं कौतुक दोन दिवसही टिकलं नाही. तिला याहून चांगला सोहळा मिळायला हवा होता.

पुरुष खेळाडूंशी तुलना करावी का?

विक्रम म्हणून करायला हरकत नाही, कारण डच राष्ट्रीय संघाचा गोल तो गोलच. पुरुषांमध्ये व्हॅन पर्सीचा विक्रम पुढे मेम्फिस डेपायने मोडला, तो पन्नाशीच्या थोडा पुढे. महिलांच्या पात्रता सामन्यांत दुबळ्या संघांविरुद्ध मोठे विजय जास्त होतात हे खरं. पण मिडेमाने इटली, स्वीडन, इंग्लंड, डेन्मार्क, ब्राझील आणि अमेरिका यांच्याविरुद्ध, तेही बहुतेक बाद फेरीत आणि अटीतटीच्या वेळी गोल केलेत. जागतिक पातळीवर १९० गोलांची सिंक्लेअर बरीच पुढे आहे.

समान मानधनाच्या लढ्यात तिचा वाटा होता का?

होता. डच संघातल्या ज्येष्ठ खेळाडू वर्षानुवर्षं संघटनेशी बोलत होत्या, मिडेमा त्यातली स्पष्ट बोलणारी. २०२२ मध्ये डच संघटनेने महिला आणि पुरुष राष्ट्रीय संघांना समान मोबदला द्यायचा निर्णय घेतला.

तिने काय जिंकलं नाही?

विश्वचषक, ऑलिंपिक पदक, चॅम्पियन्स लीग आणि बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. आर्सेनलने मे २०२५ मध्ये लिस्बनला बार्सिलोनाला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, ती क्लब सोडून गेल्यानंतर वर्षभराच्या आत. बॅलन डी’ओरच्या यादीत २०१९ मध्ये ती पाचवी होती, २०२१ मध्ये चौथी. २०१९ ते २०२१ या काळात एखाद्या वर्षी तरी तो तिला मिळायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. त्या पुरस्कारात संघाने चषक जिंकला की नाही याला फार वजन असतं.

तिचा खेळ समजून घ्यायला कोणते सामने बघावेत?

गोलांच्या चित्रफिती सोडून पूर्ण सामने बघा. २०१७ च्या युरोचा अंतिम सामना पहिला, कारण त्यात पिछाडीवर पडलेल्या संघाला ती कशी सावरते ते दिसतं. दुसरा टोकियोतला अमेरिकेविरुद्धचा. त्यातला पहिला गोल थांबवून थांबवून बघा: पाठ गोलाकडे, दोन बचावपटू अंगावर, चेंडू घेता घेता वळण आणि डाव्या-उजव्या हालचालीत मिळालेली वीतभर जागा. तिसरा ब्रिस्टल सिटीविरुद्धचा, पण तिथे तिचे सहा गोल बाजूला ठेवून चार पास बघा. आणि २०२१-२२ मधला आर्सेनलचा कुठलाही सामना, जिथे ती दहा क्रमांकावर खेळते आणि गोल दुसरीच कोणी करते.